गोठ्याचा हिशेब एकाच कॉम्प्युटरवर? मग धोका आहे

कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री नाही, सरकारी दवाखान्यात उपचार नाहीत, असा नियम राज्यात १ जून २०२४ पासून आला. दुधाचं लिटरमागं ५ रुपये अनुदानही याच १२ अंकी बिल्ल्याशी जोडलं गेलं. म्हणजे हे अंक आता जनावराचा आधार नंबरच झालेत.

त्यातून एक गैरसमज झालाय: नोंद सरकारी पोर्टलवर आहे, मग काळजी कसली? पण 'भारत पशुधन'वर मालकी, लसीकरण, रेतन अशा नोंदी असतात. रोजचं दूध, खाद्याचा खर्च, विम्याची कागदं हे सगळं आपल्याच कॉम्प्युटरवर. हार्डडिस्क गेली की तीन-चार वेतांचा हिशेब गेला. मग कोणती गाय ठेवायची, कोणती काढायची, हे ठरवणार कशावर? विकताना गिऱ्हाइकाला दाखवणार काय?

उपाय साधा आहे. तीन प्रती ठेवा: कॉम्प्युटरवर, पेनड्राइव्हवर आणि गूगल ड्राइव्हवर. पेनड्राइव्ह कायम लावून ठेवू नका. व्हायरस आला तर दोन्हीला धरतो. नुसतं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथं फाइल पुसली की तिथूनही जाते. म्हणून नावात तारीख टाकून दर आठवड्याला वेगळी प्रत काढा. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

घरी नेट नसेल तर? दूध संस्थेत कॉम्प्युटर असतो. सभासदांची एक प्रत तिथं ठेवायची सोय संस्थांनी करायला काय हरकत आहे?