न दिसणारा दोरा

टॉर्चचा झोत तळहातावर पाडा. धक्का बसला? छे! पण प्रकाश ढकलतो बरं का! अमेरिकेतल्या आर्थर अ‍ॅश्किन यांनी १९७० मध्ये लेसरनं पाण्यातले इवलेसे मणी ढकलून दाखवले. (नोबेल मिळालं ते २०१८ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी!)

पुढची गंमत १९८९ सालची, तीही तिथलीच. बर्न्स, फूर्निए आणि गोलोव्हचेन्को यांनी पाण्यातल्या दोन प्लॅस्टिकच्या मण्यांवर लेसर सोडला. मणी केवढे? मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून जरासे मोठे. पाण्याचे रेणू त्यांना सारखे धक्के देत होते. तरी मणी वाटेल तिथे भरकटेनात! ठरावीक अंतरावर थबकायचे, मग टुणकन दुसऱ्या अंतरावर. उडी साधारण एका तरंगलांबीची, म्हणजे पाण्यातल्या प्रकाशाच्या एका लाटेएवढी!

त्याचं असं आहे, प्रत्येक मणी थोडा प्रकाश आजूबाजूला उधळतो. तो शेजाऱ्यापाशी मूळ प्रकाशाला भेटतो. दोघांच्या लाटा जिथे जुळतात, तिथे शेजारी रमतो. पुष्कळ मणी असले, तर रांगोळीच्या ठिपक्यांसारखी मांडणीच होते, कुणी हात न लावता. लेसर बंद केला, की मात्र पाण्याच्या रेणूंचं राज्य. ठिपके पांगलेच!