लग्नपत्रिका छापण्यापूर्वी

चातुर्मास संपला की समाजात विवाहांचे मुहूर्त सुरू होतात. सभागृह, भोजन, दागिने यांच्या याद्या महिनोन्महिने चालतात. कागदपत्रांची यादी मात्र बहुधा व्हिसाचा अर्ज भरताना आठवते.

वर दौलताबादचा, वधू जालन्याची आणि विवाह छत्रपती संभाजीनगरच्या सभागृहात, असे उदाहरण घेऊ. महाराष्ट्राच्या १९९८ च्या अधिनियमानुसार विवाहानंतर नव्वद दिवसांत विहित नमुन्यातील ज्ञापन विवाह निबंधकाकडे द्यावयाचे असते. खेड्यात हे काम ग्रामपंचायत अधिकारी पाहतात. वधू-वर, तीन साक्षीदार आणि विधी करविणारे पंडितजी यांच्या स्वाक्षऱ्या त्यावर लागतात. पंडितजी परगावचे असतील तर त्यांची स्वाक्षरी फेरे झाल्यावर तेथेच घ्यावी. नंतर त्यांना शोधत फिरणे अवघड जाते. मुदत उलटल्यास नोंदणी विलंब शुल्क भरून होते. नोंदणी राहिली म्हणून विवाह अवैध ठरत नाही, परंतु तो सिद्ध करण्याचा भार अडचणीच्या वेळी बहुधा पत्नीवरच येतो.

विवाह कोणत्या वैयक्तिक कायद्यानुसार झाला, असा एक रकाना या नमुन्यात आहे. येथे जैन कुटुंबांची लेखणी अडखळते. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र शासनाने जैन समाजास अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले; मग ‘हिंदू’ कसे लिहावे? हा संभ्रम सामान्यांपुरता नाही. इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये याच कारणास्तव हिंदू विवाह अधिनियम जैनांना लागू नाही असे म्हटले आणि जैन पतिपत्नींचे घटस्फोटाचे अर्ज फेटाळले. जैनांसाठी वेगळा विवाह कायदाच नसताना त्यांनी दाद कोठे मागावी? मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात तो आदेश रद्द केला. १९५५ च्या अधिनियमाचे कलम २ जैनांचा स्पष्ट उल्लेख करते. म्हणून धर्माच्या रकान्यात ‘जैन’ आणि कायद्याच्या रकान्यात ‘हिंदू विवाह अधिनियम’ लिहावे. दोन्ही एकाच वेळी खरे आहे. जैन व माहेश्वरी यांच्या विवाहासही हाच कायदा पुरतो. दुसरा पक्ष ख्रिस्ती वा मुस्लिम असेल आणि कोणालाही धर्म बदलावयाचा नसेल, तर १९५४ चा विशेष विवाह अधिनियम लागतो. त्यात तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. मुहूर्त त्या हिशेबाने काढावा.

सर्वाधिक घोटाळा नावांचा असतो. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘जैन’, आधारवर ‘कासलीवाल’ आणि पॅनवर वडिलांचे नावच निराळे, असे सर्रास आढळते. ज्ञापन याच कागदांवरून भरले जाते; त्यातील चूक प्रमाणपत्रात उतरते आणि तेथून बँकेत, पारपत्रात, विमापत्रात जाते. आडनावातील फरक शासकीय राजपत्रातील प्रसिद्धीने मिटतो, पण त्यास वेळ लागतो. ते काम साखरपुड्यानंतर लगेच हाती घ्यावे. विवाहानंतर नाव बदलणे वधूवर कायद्याने बंधनकारक नाही, हेही सासरच्या मंडळींनी ध्यानात ठेवावे.

पुनर्विवाह असेल तर पूर्वीच्या जोडीदाराचा मृत्यू दाखला किंवा घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हवी. हुकूमनामा हाती आला तरी अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबणे आवश्यक आहे.

व्हिसाच्या घाईत काही कुटुंबे विधीपूर्वीच प्रमाणपत्र मिळविण्याची खटपट करतात. विधीविना केवळ प्रमाणपत्राने हिंदू विवाह अधिनियमाखाली विवाह होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. आधी फेरे, मग कागद, हाच क्रम ठेवावा.

पत्रिकेवरील नावे आधारकार्डाशी ताडून मगच छपाईस द्यावी. दोन-चार प्रती बाजूला ठेवाव्यात; नोंदणीच्या वेळी पुरावा म्हणून पत्रिका मागतात, आणि तोवर घरात एकही उरलेली नसते.