जनावरांच्या चामखिळी : गुण औषधाचा की काळाचा?

कालवडीच्या मानेवर, डोळ्यांभोवती किंवा सडांवर चामखिळी दिसू लागल्या की पशुपालकापुढे उपायांची रांग उभी राहते. घोड्याच्या केसाने चामखीळ आवळणे, चुना-सोड्याचा लेप, थुजा, जनावराचेच रक्त काढून त्याच्या स्नायूत टोचणे, अँटिमनीयुक्त औषधाची इंजेक्शने, शस्त्रक्रिया आणि त्याच जनावराच्या चामखिळींपासून तयार केलेली लस. प्रत्येक उपायाला समर्थक आहेत आणि प्रत्येक समर्थकाजवळ बऱ्या झालेल्या जनावरांचे दाखले आहेत. खरी अडचण तिथेच आहे.

हा आजार पॅपिलोमा विषाणूंमुळे होतो आणि प्रामुख्याने लहान वयाच्या जनावरांत आढळतो. प्रतिकारशक्ती जागी झाली की बहुतेक चामखिळी काही महिन्यांत आपोआप सुकून गळतात. त्या गळण्याच्या बेतात असताना जो उपाय हाती येतो, तोच यशाचा धनी ठरतो. त्याच गोठ्यातील, त्याच वयाची, पण उपचार न केलेली जनावरे तुलनेला नसतील, तर ‘दहापैकी आठ बरी झाली’ या विधानातून काहीच सिद्ध होत नाही.

मानवी वैद्यकाने निदान दोन उपायांची समोरासमोर तुलना केली आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत तळपायाच्या चामखिळी असलेल्या २४० रुग्णांपैकी काहींना सॅलिसिलिक आम्ल, तर काहींना द्रवरूप नत्राचा उपचार देण्यात आला. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्यात साठवतात, तोच हा नत्र. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत चामखिळी पूर्ण गेलेले रुग्ण सुमारे १४ टक्केच होते. खर्चिक उपाय स्वस्ताहून सरस ठरला नाही.

याचा अर्थ सर्वत्र हात बांधून बसावे असा नव्हे. सडावरील चामखीळ धार काढताना सोलली जाते, गाय लाथा झाडते आणि कासदाहाला वाट मिळते. तिथे पशुवैद्यकाकडून ती काढून घेणेच योग्य. मात्र वाढीच्या अवस्थेत कापलेली चामखीळ पुन्हा उगवू शकते. लसीचे खरे मोल प्रतिबंधात आहे, तेही ज्या प्रकारच्या विषाणूपासून ती बनली त्याच्यापुरते; दुसऱ्या गावच्या कळपासाठी बनवलेली लस आपल्या गोठ्यात निरुपयोगी ठरू शकते. चुना-सोड्याने कातडी भाजते, आणि विषाणू शिरतो तो अशाच उघड्या जखमेतून.

पशुवैद्यक महाविद्यालयांनी आणि संशोधन केंद्रांनी कोणत्याही औषधाची शिफारस करण्यापूर्वी उपचाराविना गट ठेवून चाचणी घ्यावी. मानेवर चार-दोन चामखिळी असलेल्या धडधाकट वासराला काही महिने नुसते निरीक्षणाखाली ठेवण्यात त्याचे नुकसान नाही. दरम्यान कानात बिल्ला मारण्याचा चिमटा, शिंगे काढण्याची हत्यारे आणि सुया एका जनावरावरून दुसऱ्यावर निर्जंतुक न करता जाणार नाहीत, एवढी व्यवस्था प्रत्येक गोठ्यात आजच करता येते.