पाठ्यपुस्तकातले ज्यू आणि कोकणातले

भारतीय विद्यार्थ्याची ज्यूंशी पहिली गाठ बहुधा इतिहासाच्या तासाला पडते, आणि तीही छळछावणीच्या दारात. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २००६ साली नववीच्या पुस्तकात नाझीवादावर स्वतंत्र प्रकरण दिले, हे योग्यच झाले. त्याच सुमारास गुजरातच्या दहावीच्या पुस्तकात नाझी राजवटीच्या ‘कर्तबगारी’चे कौतुक छापले गेल्याने गदारोळ उठला होता. २००६ मध्येच खारघरच्या एका उपाहारगृहाने पाटीवर हिटलरचे नाव मिरवले. मुंबईतील ज्यूंनी आक्षेप घेतल्यावर ते उतरले. मालकाच्या मनात द्वेष नसेलही. परंतु ज्याला आपल्याच शहरातील ज्यू ठाऊक नाहीत, त्याला त्या नावाची दाहकता कळावी तरी कशी?

केवळ बळी म्हणून झालेली ओळख म्हणूनच अपुरी ठरते. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ म्हणजे बेने इस्रायल. त्यांची मातृभाषा मराठी. बायबलमधील कथांवर त्यांनी मराठीत कीर्तने रचली. कवी निसिम इझिकेल याच समाजातले. कोचीचे ज्यू मल्याळम बोलत. तेथील परदेशी प्रार्थनालय १५६८ चे. ढाक्यात १९७१ साली शरणागतीची बोलणी करणारे आणि पुढे गोव्याचे राज्यपाल झालेले लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब कोलकात्याच्या बगदादी ज्यू घराण्यातले. मणिपूर-मिझोरामच्या बेने मेनाशे समाजाची कहाणी आणखी निराळी.

‘खरा ज्यू’ कोण, हा पूर्वग्रह खुद्द इस्रायललाही चुकला नाही. तेथील धर्मपीठाने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत शंका उपस्थित केली. त्यांनी आंदोलन केले, तेव्हा १९६४ साली ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे इस्रायली संसदेला जाहीर करावे लागले.

महाराष्ट्राने २०१६ मध्ये आणि गुजरातने २०१८ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. १९९२ च्या केंद्रीय कायद्याखाली अधिसूचित झालेल्या सहा समुदायांत मात्र त्यांचा समावेश झाला नाही. जेमतेम काही हजारांच्या मतांसाठी संसदेत आवाज चढवणार कोण, हा व्यवहार दिल्लीला उत्तम कळतो. तथापि पाठ्यपुस्तकातील दोन पानांना अधिसूचना लागत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानुसार नवी पुस्तके लिहिण्याचे काम सुरू झाले, ही त्यासाठी चालून आलेली संधी आहे. दिल्लीच्या शाळांना तर हुमायून रोडवरील प्रार्थनालय सहलीच्या अंतरावर आहे. कोलकात्यातील ज्यू मुलींच्या शाळेत बहुसंख्य विद्यार्थिनी मुस्लिम आहेत. शेजाराचा हा धडा तरी त्या पानांत यायला हवा.