टंचाईच्या दिवसांत मोटार धुवावी काय?

तेरखेडा (ता. वाशी, जि. धाराशिव) येथील आमच्या एका सभासद बंधूंनीं एक प्रश्न लिहून पाठविला आहे. त्यांच्या घरीं वडिलांच्या वेळची एक फियाट मोटार आहे. ती साठ वर्षांच्या घरांत आली असून आजही चालूं स्थितींत आहे. एका चांगल्या सुगीनंतर वडिलांनीं ती घेतली आणि घरच्या तीन लेकी तिच्यांतूनच सासरीं गेल्या, असें ते लिहितात. उन्हाळ्यांत नळास पाणी आठवड्यानें येऊं लागलें, तेव्हां नळाच्या पाण्यानें कोणीही वाहन धुऊं नये असें गांवांत ठरलें. या गृहस्थांनीं नळास हात लावला नाहीं. मळ्यांतील स्वतःच्या बोअरवर रबरी नळी लावून मोटार धुतली. तरीही चारचौघांनीं त्यांस बोल लावला. "माझ्या मोटारीस लागलें तें पाणी किती आणि शेजारच्या उसास रात्रभर जातें तें किती? मग बोल मलाच कां?" हा त्यांचा प्रश्न असून त्यावर संस्थेचें मत त्यांनीं मागितलें आहे.

प्रश्न वरवर पाहतां किरकोळ वाटेल. परंतु पत्र वाचल्यापासून तो आमच्या मनांत घोळत आहे, कारण त्यांतील दुसरें वाक्य मोटारीविषयीं नसून आम्हां सर्वांविषयीं आहे.

जुन्या मोटारीच्या लोभाची थट्टा करणारांपैकीं आम्ही नाहीं. दसऱ्यास नांगर, तिफण, विळे-कोयते धुऊन पुजावयाचे, पोळ्यास बैल ओढ्यावर नेऊन धुवावयाचे, ही आपली रीत आहे. ज्यानें घर चालविलें त्यास स्वच्छ ठेवावें ही बुद्धि त्यामागें आहे. शिवाय असल्या गाड्या आतां दुर्मिळ होत चालल्या. कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघणारी फियाट पुढें 'पद्मिनी' या नांवानें घरोघर माहीत झाली; मुंबईच्या रस्त्यांवरील त्या जातीची शेवटची टॅक्सी सन २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यांत बंद झाली. अँबेसडर गाडीची निर्मिति सन २०१४ मध्येंच थांबली. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपांत राखलेली खासगी गाडी ही जपणुकीची वस्तु आहे, असें केंद्र सरकारनेंही सन २०२१ च्या नियमांनीं मान्य करून तिची वेगळी नोंदणी ठरविली आहे. तेव्हां मोटार राखणें हा दोष नव्हे. प्रश्न पाण्याचा आहे, आणि पाण्याचा प्रश्न हिशेबानें सोडवावा लागतो.

अर्ध्या इंची रबरी नळींतून मिनिटास सुमारें १५ लिटर पाणी येतें. पाव तास नळी सुरू राहिली तर २२५ लिटर पाणी गेलें. टंचाईच्या काळीं खेड्यांत टँकरनें पाणी पुरवितांना माणशी दिवसास २० लिटर धरतात. म्हणजे एका धुण्यांत अकरा माणसांचा दिवस वाहून गेला. उन्हाळ्यांत एक बैल दिवसास ४० ते ५० लिटर पाणी पितो. तेव्हां बैलांच्या दोन जोड्यांचें दिवसभराचें पाणी त्यांत गेलें असेंही म्हणतां येईल. तीच मोटार दोन बादल्यांत धुतली तर ३० लिटर पुरतात.

आतां उसाकडे वळूं. एक एकर रानांत एक इंच पाणी उभें करावयाचें तर १,०२,००० लिटरांहून अधिक पाणी लागतें. त्यांत वरील मोटार साडेचारशें वेळां धुवून होईल. आपल्या भागांत एका हंगामाच्या उसास, पावसाचें धरून, दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाणी लागतें. एकरीं तें ८० लाख लिटर होतें. सभासद बंधूंचा आंकडा चुकलेला नाहीं. मोटार धुणारास बोल लावून घरीं गेलेला गृहस्थ रात्रीं वीज आली म्हणून पाटानें पाणी सोडून निजत असेल, आणि पहाटे तें बांध फोडून रस्त्यावर आलेलें असेल, तर त्याचा बोल आम्हांस पोकळ वाटतो.

सन २०१६ चा उन्हाळा वाचकांच्या स्मरणांत असेल. त्या वर्षीं मार्च महिन्यांत लातुरांत पाण्याच्या टाक्यांभोंवतीं जमाव करण्यास बंदी घालावी लागली, आणि एप्रिलमध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. ती गाडी आपल्याच जिल्ह्यांतून गेली. पहिल्या खेपेस दहा डब्यांत पांच लाख लिटर पाणी होतें; त्याची छायाचित्रें देशभर छापलीं. पांच लाख लिटर म्हणजे पांच एकर उसास एक इंच पाणी देखील पुरें होत नाहीं. सुमारें साडेतीनशें किलोमीटर लांबून, एवढा खटाटोप करून आणलेलें पाणी आपण एका पाळींत, एका रात्रींत, पाटानें सोडून देतों. हा हिशेब आम्हीं प्रथम मांडला तेव्हां आमचाच विश्वास बसेना. म्हणून तो पुन्हां करून पाहिला. ठिबकाखालीं ऊस आणल्यानें पाण्यांत पुष्कळ बचत होते हें आतां कोणास सांगावयास नको. तरीही बागायत बघतांना आपण पाळी मोजतों, पाणी मोजीत नाहीं.

इतकें मान्य करूनही सभासद बंधूंच्या पदरांत निकाल टाकण्यास आम्ही तयार नाहीं. शेजारी अधिक चुकतो म्हणून आपली चूक पुसली जात नाहीं, हें तर आहेच. परंतु येथें भेद केवळ मापाचा नाहीं. ऊस कसाही असला तरी कोणाचें तरी पोट त्यावर चालतें. त्याचें पाणी कमी करावयाचें तर पीक बदलावें लागतें, कर्ज फेडावें लागतें, कारखान्याशीं बोलावें लागतें. मोटारीचें पाणी कमी करावयाचें तर फक्त नळी बाजूस ठेवावी लागते. जें आज, कोणाचेंही नुकसान न होतां, कमी करतां येतें तें आधीं करावें. आणि पाणी उघड्यावर, पाण्याची घागर घेऊन जाणाऱ्या बायकांच्या डोळ्यांदेखत रस्त्यावर वाहतें याचाही कांहीं अर्थ आहे. गांवानें घातलेला निर्बंध लोक पाळतात तो दंडाच्या भीतीनें थोडा, आणि सगळेच पाळतात या विश्वासानें अधिक. चांगल्या घरानें तो मोडला कीं पुढल्या आठवड्यांत दहा घरें मोडतात.

"पाणी माझ्या बोअरचें आहे" हें म्हणणें मात्र थोडें तपासून पाहूं. सन १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानें आपल्या जमिनीखालचें, ठराविक प्रवाहांत न वाहणारें पाणी घेण्याचा हक्क जमीनमालकास दिला आहे, आणि आपल्या पूर्वजांनीं त्यावर विहिरी बांधल्या. पण तेव्हां मोट होती. मोटेनें विहीर आटली तर ती स्वतःचीच आटे. आपल्या बालाघाटच्या पठारावर खालीं काळा खडक आहे. त्यांत पाणी साठतें तें भेगांत आणि मुरमाच्या थरांत, आणि त्या भेगांस गटनंबर ठाऊक नसतो. एकानें खोल बोअर घेतलें कीं चार शेतें पलीकडची विहीर बसते, हें तेरखेड्यास काय आणि येरमाळ्यास काय, कोणासही शिकवावें लागत नाहीं. म्हणूनच सन १९९३ मध्यें राज्यानें पिण्याच्या पाण्यासाठीं भूजलाचा कायदा केला आणि सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर घेण्यास मनाई केली. सन २००९ च्या कायद्यानें त्यापुढें जाऊन खोल विहिरींवर बंधनें घातलीं. हे कायदे किती पाळले जातात हा निराळा विषय आहे, आणि त्यावर लिहूं लागलों तर हा अंक पुरणार नाहीं. एवढेंच कीं, बोअर आपलें असलें तरी त्यांतील पाणी सर्वस्वीं आपलें नसतें.

मग करावें काय? इतरांनीं काय केलें तें पाहिलें तर एक मार्ग दिसतो. बंगळुरांत सन २०२४ च्या मार्चमध्यें पिण्याचें पाणी गाड्या धुण्यास वापरल्यास ५,००० रुपये दंड ठेवला. त्याच वर्षीं मे महिन्यांत दिल्लींत नळी लावून गाडी धुणारास २,००० रुपये दंड ठरला. दक्षिण आफ्रिकेंतील केपटाऊन शहरानें सन २०१८ च्या दुष्काळांत माणशी ५० लिटरांची मर्यादा घातली आणि नळाच्या पाण्यानें गाड्या धुणें अजिबात बंद केलें. विलायतेंत मात्र अवर्षणांत नळीवर बंदी येते, बादलीवर येत नाहीं; बादलीनें मोटार धुण्यास तेथें कोणी हरकत घेत नाहीं. आम्हांस हा शेवटचा प्रकार आपल्या गांवांस अधिक मानवेल असें वाटतें. बंदी सोपी असावी, दुरून दिसावी आणि तींत वाद नसावा. नळी कोणासही दिसते. पाणी नळाचें कीं बोअरचें हें कोण शोधीत बसणार?

बादलींतही पिण्याचें पाणी घालूं नये. कपडे खळबळल्यावरचें शेवटचें पाणी, तळ गेलेल्या विहिरीचें गढूळ पाणी निवळून, असें कांहींही चालेल. येथें सभासद बंधूंस एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती त्यांच्या मोटारीच्या हिताची आहे. जुन्या गाडीस धुळीपेक्षां पाण्याच्या जोराचें भय अधिक. त्या काळच्या पत्र्यास आजच्यासारखा जस्ताचा लेप नसे. नळीचें पाणी दारांच्या तळाशीं, पायरीच्या पोकळींत आणि पत्र्याच्या सांध्यांत शिरून बसतें आणि आंतून गंज चढतो. तो दिसूं लागतो तेव्हां पत्रा हातांत येतो. इंजिनावर नळी धरली तर ठिणगी वांटणाऱ्या डबींत ओल जाऊन गाडी चालूंच होत नाहीं. बोअरचें पाणी बहुधा जड असतें. उन्हांत वाळलें कीं रंगावर पांढरे डाग उठतात आणि ते घासून काढतांना रंगच निघतो. अर्थात् कोरड्या फडक्यानें खसाखसा पुसणें त्याहूनही वाईट, कारण रस्त्याच्या धुळींत वाळूचे बारीक कण असतात आणि ते रंगावर चरे पाडतात. आधीं मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. मग सांवलींत, टपापासून खालीं उतरत, ओल्या फडक्याची घडी उलटून उलटून पुसावें, आणि चाकें शेवटीं धुवावीं. एरवीं गाडी छपराखालीं सुती पालानें झांकून ठेवावी. असें केल्यास बादली दीड बादलींत काम होतें आणि गाडी आणखी एक पिढी पाहते.

त्याच छपरावरून पाणीही धरतां येईल. दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब पत्र्याच्या छपरावर वर्षांत ६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि पांचांत एक भाग वायां गेला असें धरलें, तरी सुमारें ८,९०० लिटर पाणी हातीं येतें. आठवड्यास ३० लिटरप्रमाणें मोटारीचा वर्षाचा खर्च १,५६० लिटर. पन्हळीखालीं दोन हजार लिटरांची झांकलेली टांकी ठेवली कीं मोटारीचा प्रश्न मोटारीच्याच छपरानें सुटला.

तेरखेड्याची आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हें गांव शोभेच्या दारूचें. फटाक्यांच्या कामाच्या ठिकाणीं भरलेले हौद आणि वाळूच्या बादल्या तयार ठेवाव्या लागतात, आणि नेमक्या रखरखीत उन्हाळ्यांत, लग्नसराईंत, त्यांची गरज अधिक. टंचाई वाढली कीं "हौदांतलें चार बादल्या घेतलें तर काय बिघडलें" असा मोह होतो. त्या हौदास मोटारीसाठीं, जनावरांसाठीं, बांधकामासाठीं, कशासाठींही कोणी हात लावूं नये. रिकामा हौद दिसल्यावर तो भरावयास वेळ मिळत नाहीं.

ग्रामसभेपुढें हा विषय येईल तेव्हां आमचें म्हणणें पुढीलप्रमाणें आहे. टंचाई जाहीर झाल्यापासून पाऊस लागेपर्यंत गांवठाणांत व मळ्यांत नळी लावून कोणतेंही वाहन धुऊं नये. त्यांत जुनी मोटार, नवी मोटार, ट्रॅक्टर, सर्व आले. रुग्णवाहिका, दुधाच्या गाड्या आणि औषध फवारणीचे पंप यांस सूट असावी, कारण तेथें स्वच्छता हा शौक नाहीं. महामार्गाच्या कडेला गाड्या धुण्याचीं केंद्रें दिवसभर चालतात, त्यांस निर्बंध आधीं लागू करावा. घरच्या अंगणांतील एका फियाटवर सर्व गांवानें डोळा ठेवावा आणि रस्त्यावर दिवसाला वीस गाड्या धुतल्या जाव्या, यांत न्याय नाहीं. आणि त्याच सभेंत, त्याच कागदावर, पाटानें पाणी देणाऱ्या बागायतदारांनीं टंचाईच्या महिन्यांत पाळी मोजून, दिवसा आणि राखणीनें द्यावी असें लिहावें. हें दुसरें कलम वगळून पहिलें मंजूर होणार असेल तर सभासद बंधूंनीं त्यास जाहीर हरकत घ्यावी. आम्ही त्यांच्या बाजूस उभे राहूं. तोंवर नळी मात्र त्यांनीं गुंडाळून ठेवावी.

पत्राच्या शेवटीं त्यांनीं, बहुधा आम्हांस पेंचांत धरण्यासाठीं, आणखी एक विचारलें आहे: टंचाई पोळ्यापर्यंत लांबली तर बैल धुवावे कीं नाहींत? ओढ्यास पाणी असेल तर ओढ्यावर न्यावे. नसेल तर खांदेमळणी नेहमीप्रमाणें करावी, बैल ओल्या फडक्यानें पुसून घ्यावे, आणि वांचलेलें पाणी त्यांस पाजावें. मोटारीचा क्रम त्यानंतर.