नोंद नव्या वस्त्राची, हव्यास जुनेपणाचा

स्कॉटलंडमध्ये एखाद्या कुटुंबाला आपल्या नावाचे टार्टन हवे असेल, तर ते मिळविणे आज मुळीच अवघड राहिलेले नाही. टार्टन म्हणजे रंगीत उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या छेदातून तयार होणारे चौकड्यांचे कापड. तेथील डोंगराळ मुलखातील पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार किल्ट जगाला ठाऊक आहे, तो याच कापडाचा. स्कॉटलंडच्या संसदेने २००८ साली टार्टनच्या नोंदणीचा कायदा केला आणि ५ फेब्रुवारी २००९ पासून सरकारी नोंदवही सुरू झाली. जुन्या कुळांची टार्टने तीत आहेत. तशीच शहरांची, पलटणींची, संस्थांची, व्यापारी कंपन्यांची आणि अगदी अलीकडे संसार थाटलेल्या कुटुंबांचीही आहेत. या शेवटच्या प्रकाराला अनेक जाणकार नाके मुरडतात. कुळाचे वस्त्र शतकांच्या वहिवाटीने ठरते, ते अर्ज भरून आणि शुल्क देऊन कसे मिळणार, असा त्यांचा सवाल असतो. सवाल बिनतोड वाटतो खरा. परंतु इतिहासाच्या कसोटीवर तो टिकत नाही.

चौकड्यांचे कापड जुने आहे, याविषयी वाद नाही. फॉल्कर्क येथे सापडलेला लोकरी तुकडा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला मानला जातो. ग्लेन अफ्रिकच्या दलदलीत मिळालेले टार्टन सोळाव्या शतकातले असल्याचे तपासणीअंती २०२३ साली जाहीर झाले. मात्र कापड जुने असणे वेगळे आणि अमुक कुळाचे अमुक कापड हा नियम जुना असणे वेगळे. मार्टिन मार्टिन या प्रवाशाने १७०३ साली प्रसिद्ध केलेल्या वर्णनात बेटाबेटागणिक आणि प्रदेशागणिक नक्षी बदलते, तीवरून माणूस कोठला हे ओळखता येते, असे नोंदले आहे. त्या काळी कापडावरून कळे ते गाव, गोत्र नव्हे. जवळपास मिळणाऱ्या वनस्पतींचे रंग आणि त्या खोऱ्यातल्या विणकराचा हात, यांवर नक्षी ठरत असे.

या सहज वहिवाटीवर घाला पडला तो राजसत्तेकडून. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर स्ट्युअर्ट घराण्याच्या पक्षाचा मोड झाला आणि डोंगरी कुळांचा कणा मोडण्यासाठी जे कायदे झाले, त्यांत पोशाखबंदीचाही समावेश होता. १ ऑगस्ट १७४७ पासून स्कॉटलंडमध्ये कोणा पुरुषाने वा मुलाने डोंगरी पोशाख केल्यास सहा महिने तुरुंग आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास सात वर्षांची समुद्रापारची हद्दपारी, अशी शिक्षा होती. ही बंदी १७८२ पर्यंत, म्हणजे तब्बल पस्तीस वर्षे टिकली. तीतून सूट होती ती राजाच्या सैनिकांना. जे वस्त्र घरी ल्याल्यास गुन्हा, तेच राजाची बंदूक खांद्यावर घेतल्यास गणवेश! पुढे साम्राज्याच्या युद्धांत या डोंगरी पलटणी जगभर फिरल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीच्या ज्या पलटणी झुंजल्या, त्यांत ७४वी आणि ७८वी या दोन हायलँडर पलटणी होत्या. सैन्याला हजारो वार कापड एकाच नक्षीचे लागे. नक्षी कायमची ठरविण्याची शिस्त कुळांच्या परंपरेपेक्षा लष्कराच्या पुरवठ्यातून अधिक आली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

‘शतकांची वहिवाट’ म्हणून जिचा हवाला दिला जातो, ती यानंतरची निर्मिती होय. लंडनच्या हायलँड सोसायटीने १८१५ साली कुळप्रमुखांकडे त्यांच्या टार्टनचे नमुने सहीशिक्क्यानिशी मागितले, तेव्हा आपल्या कुळाचे टार्टन कोणते हे कित्येक प्रमुखांनाच ठाऊक नव्हते. बॅनकबर्नच्या विल्सन या कारखानदारांच्या १८१९ च्या नमुनावहीत पुष्कळ नक्ष्यांना केवळ क्रमांक होते. नावे मागाहून चिकटली. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा सर वॉल्टर स्कॉट यांनी त्या स्वागताला डोंगरी पोशाखाचा असा काही थाट दिला की टार्टनला एकाएकी मागणी आली. १८४२ मध्ये सोबिएस्की स्ट्युअर्ट म्हणविणाऱ्या दोघा भावांनी प्राचीन हस्तलिखिताच्या नावाखाली एक टार्टन-ग्रंथ छापला. तो बनावट असल्याचे पुढे सिद्ध झाले. परंतु त्यातील अनेक नक्ष्या आजही अभिमानाने मिरविल्या जातात. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ साली दाखविले की, मॅकफर्सन कुळाचे म्हणून पुढे मानले गेलेले एक कापड आधी नुसते ‘क्रमांक १५५’ होते. मग ते किड नावाच्या गृहस्थाला वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या कपड्यांसाठी घाऊक विकले गेले, म्हणून ‘किड’ झाले आणि अखेरीस कुळप्रमुखाच्या अंगावर चढून ‘मॅकफर्सन’ झाले.

याचा अर्थ हा सारा बनाव फेकून द्यावा, असा मात्र नव्हे. दोन शतके ज्या वस्त्रात लग्ने लागली, ज्या वस्त्रात माणसे पुरली गेली, ते त्या वापरानेच खरे झाले. चूक नवे घडविण्यात नव्हती. नव्यावर जुनी तारीख घालण्यात होती. आणि नेमकी ही चूक आजची नोंदवही टाळते. नक्षी कोणी रचली, केव्हा नोंदली आणि तीतले रंग कशासाठी निवडले, हे ती उघड लिहून ठेवते. जे कुटुंब आज नोंदवहीत आपले टार्टन दाखल करते, ते १८४२ च्या त्या भावांहून अधिक प्रामाणिक आहे.

शिवाय टार्टन रचणे म्हणजे आवडते रंग कसेही शेजारी मांडणे नव्हे. ताण्यात रंगांचे धागे ज्या क्रमाने आणि ज्या संख्येने असतात, त्याच क्रमाने व संख्येने सामान्यतः बाण्यातही येतात. बहुतेक नक्ष्या एका पट्ट्यापाशी आरशात पाहावे तशा उलटून पुन्हा सुरू होतात. दोन रंगांचे धागे जेथे छेदतात, तेथे तिरप्या विणीमुळे तिसरी छटा उमटते. तीन रंग घेतले तर कापडावर सहा छटा दिसतात, सहा घेतले तर एकवीस. हौसेने रंग वाढवीत जाणाऱ्याचे कापड म्हणूनच गढूळ होते. ज्याला थोडके रंग आणि नेमका धागा साधतो, त्याचेच टार्टन दुरून ओळखू येते.

नोंदवहीच्या अटी मोजक्या, पण विचारपूर्वक घातलेल्या आहेत. नक्षी विणता येण्याजोगी हवी, आधीच्या नोंदींहून वेगळी हवी आणि तिला दिलेल्या नावाशी अर्जदाराचा संबंध दाखविता आला पाहिजे. प्रारंभी शुल्क ७० पौंड ठेवण्यात आले. नोंदीमुळे वंशाचा दाखला मिळत नाही की नक्षीवरील मालकी हक्कही मिळत नाही. सरकार येथे केवळ नोंद ठेवते, प्रतिष्ठा वाटत नाही. ज्या देशात एका काळी सरकारने हे वस्त्र हिसकावले, त्या देशात सरकारची भूमिका इतकीच असावी, हे योग्यच होय.

परंतु एक उणीव उरतेच. नोंदणीसाठी प्रत्यक्ष विणलेला नमुना देणे सक्तीचे नाही. परिणामी नक्षी कागदावर जन्मते आणि कागदावरच राहू शकते. रीतसर किल्टला सुमारे आठ वार कापड लागते आणि ते विणून घेण्याचा खर्च नोंदणीच्या शुल्काहून कितीतरी अधिक होतो. तेव्हा प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावण्याचा मोह स्वाभाविक आहे. या मोहाला बळी पडणारे कुटुंब टार्टन मिळवीत नाही, टार्टनचे चित्र मिळविते. माग थांबले तर नोंदवही कितीही जाड झाली तरी ती एका मेलेल्या कलेचे बाड ठरेल. जाणकारांनी नाके मुरडायचीच असतील, तर ती नवेपणाला नव्हे, या न विणलेपणाला मुरडावीत.

नव्या टार्टनचा खरा अधिकारी कोण, याचे उत्तर स्कॉटलंडमधील शिखांनी देऊन ठेवले आहे. १९९९ साली त्यांच्यातून ‘सिंग’ नावाचे टार्टन पुढे आले. पंजाबातून आलेल्या या माणसांचे पूर्वज कलोडनच्या माळावर नव्हते आणि तसे असल्याचा दावाही कोणी केला नाही. येथे आलो, येथे राहिलो आणि आता येथलेच आहोत, एवढेच त्या धाग्यांनी सांगितले. जुन्या वंशावळीत ज्यांना जागा नाही, त्यांना नव्या तारखेचे वस्त्र जागा देऊ शकते. अट एकच, ती तारीख झाकू नये.

तेव्हा कुटुंबाने टार्टन अवश्य रचावे, आपले वर्ष घालून नोंदवावे, विणकराकडून विणून घ्यावे आणि वापरावे. ते परंपरा ठरेल की नाही, याचा निकाल नोंदवही देणार नाही. तो देतील नातवंडे, आणि तोही त्या कापडाची कड झिजल्यानंतर.