घातांकांचे नियम पाठ करावेत काय?

पाया समान असता गुणाकारात घातांकांची बेरीज करावी, भागाकारात वजाबाकी करावी, आणि घाताचा पुन्हा घात घेताना घातांकांचा गुणाकार करावा. बीजगणिताच्या वहीत हे नियम चौकटीत लिहिलेले असतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ते मोठ्याने घोकले जातात. तरीही उत्तरपत्रिकेत बेरजेच्या जागी गुणाकार येऊन बसतोच! मुलांनो, माझे स्पष्ट मत असे आहे की, हे नियम पाठ करू नयेत. ते ज्या मोजणीतून निघाले, ती मोजणी करावयास शिकावे.

क्षचा घन म्हणजे क्ष × क्ष × क्ष, आणि क्षचा वर्ग म्हणजे क्ष × क्ष. या दोहोंना एकमेकांनी गुणिले की एका ओळीत पाच क्ष उभे राहतात. म्हणून उत्तर पाचवा घात. परंतु घनाचाच वर्ग करावयाचा असेल, तर तीन-तीन क्षांच्या दोन ओळी होतात आणि उत्तर येते सहावा घात. क्षच्या जागी २ घालून पाहा. पहिल्या वेळी ८ × ४ = ३२, तर दुसऱ्या वेळी ८ × ८ = ६४.

आपल्या जुन्या बीजगणितात हा भेद नावांतच सांगितलेला होता. भास्कराचार्यांच्या काळी, म्हणजे बाराव्या शतकात, अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत. ती थोडक्यात ‘या’ अशी लिहीत, तिचा वर्ग ‘याव’ आणि घन ‘याघ’. पाचव्या घाताचे नाव होते ‘वर्गघनघात’ आणि सहाव्याचे ‘घनवर्ग’. येथे ‘घात’ म्हणजे गुणाकार. वर्ग व घन यांचा गुणाकार तो पाचवा, घनाचा वर्ग तो सहावा. गल्लत होण्यास जागाच नाही! पुढे फ्रान्समधील देकार्त याने १६३७ साली प्रसिद्ध केलेल्या भूमितीच्या ग्रंथात घातांक लहान अंकांनी वर लिहिले. लेखन सुटसुटीत झाले खरे, पण नावातला अर्थ त्या अंकाआड दडला.

कोणी म्हणेल, पन्नासाव्या घाताला विसाव्या घाताने भागताना पन्नास क्ष मांडीत बसावयाचे काय? मुळीच नाही, तेथे नियमच वापरावा. मात्र ज्याने लहान उदाहरणे स्वतः उलगडली आहेत, त्याला विसरलेला नियम क्षणात पुन्हा उभा करता येतो. क्षच्या घनात क्षचा वर्ग मिळवावयास सांगितले, तर तो घाईने पाचवा घात लिहीत नाही. ८ आणि ४ मिळून १२ होतात, ३२ नव्हे, हे त्याला दिसते. ती विजातीय पदे आहेत, तशीच ठेवावीत.

शून्य घातापाशी मात्र ही मोजणी अडते. शून्य वेळा क्ष मांडावयाचा तरी कसा? अशा वेळी पायऱ्या उतरून पाहावे. दोनाचा चौथा घात १६, तिसरा ८, दुसरा ४, पहिला २. दर पायरीस आपण दोनाने भागत आलो. तेव्हा पुढच्या पायरीवर, शून्य घाताच्या जागी, १ च येतो. आणखी एक पायरी उतरा. तेथे अर्धा आहे. त्याचा घातांक काय असावा, हे वहीत लिहून पाहा.